घरच्या सुतारकामासाठी कमी खर्चात पॉवर टूल्स: आधी काय, नंतर काय आणि घेताना काय तपासायचं

लाकडाला मोटर शिवत नाही, शिवतात ते ब्लेडचे दाते. आणि ते दाते सरळ चालणार की नाही, हे बेसप्लेटवर, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या मशीनच्या तळाच्या प्लेटवर ठरतं. त्यामुळे हात आखडता घ्यायचाच असेल तर मोटरच्या ताकदीत घ्या. ब्लेड आणि बेसप्लेटच्या बाबतीत नको. दुकानात नेमकं उलटं होतं. गिऱ्हाइकाला वॅट दाखवतात, चाळीस नगांचा सेट दाखवतात, पेटी चकचकीत असते. त्या पेटीतलं ब्लेड मात्र पहिल्याच प्लायची कड फाडून ठेवतं आणि नवशिक्याला वाटतं, आपल्याच हाताला वळण नाही.

हा लेख घरातल्या एखाद्या कोपऱ्यात, सुट्टीच्या दिवशी, एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आहे. रोज आठ तास मशीन चालवणाऱ्या कारागिराचं गणित निराळं असतं. त्याला महागडं मशीनच शेवटी परवडतं.

## आधी यादी, मग खरेदी

पुढच्या सहा महिन्यांत बनवायच्या तीन वस्तू कागदावर लिहा. नुसतं ‘फर्निचर’ लिहून भागणार नाही. ‘१८ मिमी प्लायचं पुस्तकांचं कपाट, उंची १८०० मिमी’ असं मापासकट लिहा. प्रत्येकीसमोर कामं मांडा: सरळ लांब काप किती, गोलाई आहे का, भोकं कुठे, कडा गोल करायच्या का, घासकाम किती. यादीतल्या निदान दोन वस्तूंना जे मशीन लागतं, तेवढंच आता घ्यायचं.

प्लायचं काम असेल तर ड्रिल, सर्क्युलर सॉ (गोल ब्लेडची करवत) आणि सँडर (घासायचं मशीन) या तिघांत जवळजवळ सगळं होतं. खेळणी, नक्षीच्या पाट्या, गोल कडांचे स्टूल असं काही करायचं असेल तर सर्क्युलर सॉच्या आधी जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याची करवत) घ्या. जाड लाकडाच्या फळ्यांचं काम मनात असेल, तर पहिल्या वर्षी फळ्या रंधून, मापात करून देणाऱ्याकडूनच आणा.

आता पैशांची वाटणी. हाताशी असलेल्या रकमेचे शंभर भाग केले तर मशीनवर साठाच्या वर जाऊ नका. वीस भाग ब्लेड, बिट आणि पॉलिश पेपरसाठी, दहा भाग क्लॅम्प आणि मोजमापाच्या हत्यारांसाठी, उरलेले दहा चष्मा, मास्क, कानाचे मफ आणि एक्स्टेंशन वायरसाठी. सगळे शंभर मशीनवरच खर्च झाले, तर पहिलं काम अर्ध्यावर अडतं: धरायला क्लॅम्प नसतात, घासायला योग्य पेपर नसतो.

## वीज किती लागते

२३० व्होल्टवर १४०० वॅटचं मशीन साधारण ६ अँपिअर ओढतं. सुरू होतानाचा झटका त्याच्या काही पट असतो. (११०-१२० व्होल्ट असेल तिथे अँपिअरचा आकडा दुप्पट धरा.) म्हणजे सर्क्युलर सॉला जड जोडणीचा सॉकेट हवा, मोबाइल चार्जरचा नव्हे. एक्स्टेंशनची वायर तांब्याची, १५ मीटरपर्यंत निदान १.५ चौ. मिमी आणि त्याहून लांब असेल तर २.५ चौ. मिमी जाडीची घ्या. रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते आणि वरचं आवरण वितळतं. बारीक वायरीवर मशीन ‘ताकद नाही’ असं वागतं. दोष मोटरचा वाटतो, पण असतो वायरीत गळणाऱ्या व्होल्टेजचा.

३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) या लाइनवर असायलाच हवा. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. खूणही नाही आणि पिनही दोनच, तर ते मशीन परत ठेवा.

## पाटीवरचे आकडे

वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं. दात्यांपर्यंत किती पोहोचते, हे त्यातून कळत नाही. या छोट्या मोटरींत बरीचशी वीज उष्णता, पंखा आणि गिअर यांतच जाते. म्हणून १२०० आणि १४०० वॅटच्या दोन सर्क्युलर सॉमध्ये वॅटवरून निवड करू नका. फेऱ्यांचा आकडा मोकळ्या मशीनचा असतो, लाकडात गेल्यावर तो उतरतोच.

बॅटरीच्या मशीनमध्ये फसवाफसवी जास्त. १८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ या एकच गोष्टी आहेत: आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट म्हणजे १८, आणि पूर्ण चार्ज झाल्या झाल्या २० च्या आसपास. अनोळखी नावाच्या स्वस्त ड्रिलवर ४८, ८८ असे आकडे छापलेले दिसले की चार्जर उलटा करून त्याचं आउटपुट वाचा. तिथे २१ व्होल्ट असेल तर आत पाचच सेल आहेत. १२.६ असेल तर तीन. बॅटरीवरच्या स्टिकरपेक्षा चार्जरची पाटी जास्त खरी असते, कारण चार्जर सेलच्या संख्येशी जुळला नाही तर बॅटरी चार्जच होणार नाही किंवा खराब होईल.

ड्रिलचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) हाही दोन प्रकारे छापतात. ‘हार्ड’ टॉर्कचा आकडा मोठा असतो आणि डब्यावर तोच मिरवतो. लाकडात स्क्रू बसवताना ‘सॉफ्ट’ टॉर्क कामी येतो, तुलना त्याची करा.

## पहिलं मशीन: ड्रिल

घरकामाला १२ व्होल्टचं, दोन गिअरचं, दोन बॅटऱ्या मिळणारं कॉर्डलेस ड्रिल पुरतं. ते हलकं असतं आणि कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात शिरतं. भिंतीत भोकं पाडायचं कामही त्याच्याकडूनच हवं असेल, तर वायरवालं हॅमर ड्रिल बरं. ५००-६०० वॅट, १३ मिमी चक (बिट पकडणारा जबडा), उलटसुलट फिरणारं आणि ट्रिगर दाबाल तसा वेग बदलणारं. एक मात्र लक्षात ठेवा. वायरवाल्या ड्रिलला बहुधा क्लच (ठरलेल्या जोराला स्क्रू फिरवणं थांबवणारी सोय) नसतो, त्यामुळे स्क्रूचं डोकं लाकडात खोल घुसतं किंवा खाचच गोल होते.

कॉर्डलेसची बॅटरी पुढे बाकीच्या मशीननाही चालते, म्हणून ड्रिल घेताना त्या कंपनीची त्याच बॅटरीवर चालणारी इतर मशीनही बघून ठेवा. पण सगळंच कॉर्डलेस घेण्याच्या मोहात पडू नका. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२ वॅट-अवर असतात. ३०० वॅट ओढणारा सँडर हिशेबाने त्यावर पंधरा मिनिटंही चालत नाही. सतत चालणारी मशीन वायरचीच घ्या. त्याच पैशात मशीनही वरच्या दर्जाचं मिळतं.

तपासणी सोपी आहे. ६ मिमीचं सरळ बिट आधी काचेवर लोळवून पाहा. डुगडुगलं तर बिट वाकडं आहे, दुसरं घ्या. सरळ बिट चकमध्ये घट्ट करा आणि हळू वेगात फिरवा. टोक १ मिमीपेक्षा जास्त गोल फिरताना दिसलं तर चक वाकडा आहे, दुसरा नग मागा.

लाकडासाठी मधे टोक असलेली बिटं घ्या. मधलं टोक रुतून बसतं, बिट घसरत नाही. ४ मिमीच्या स्क्रूला खालच्या लाकडात मऊ लाकूड असेल तर २.५ मिमी, कडक असेल तर ३ मिमी भोक करा. वरच्या फळीत मात्र ४ मिमी, म्हणजे स्क्रू तिथे मोकळा सरकला पाहिजे. वरच्या फळीतही स्क्रूचे आटे पकडले, तर दोन फळ्यांमधली फट स्क्रू कितीही आवळला तरी मिटत नाही. क्लच कमी आकड्यावर ठेवून सुरुवात करा, डोकं पृष्ठभागाशी सपाट येईपर्यंत एकेक आकडा वाढवा.

## दुसरं: सर्क्युलर सॉ

८ बाय ४ फुटांचा १८ मिमी प्लाय तीस किलोच्या वर जातो. एकट्याने तो टेबल सॉवर ढकलण्यापेक्षा प्लाय खाली आडवा करून मशीन त्यावरून नेणं सोपं आणि सुरक्षित. म्हणून घरगुती कामात टेबल सॉच्या किती तरी आधी सर्क्युलर सॉचा नंबर लागतो.

१८५ मिमी (७ इंची म्हणतात तो) आकार घ्या. ९० अंशांत तो साधारण ६५ मिमी खोल कापतो, ४५ अंशांत ४५ मिमीच्या आसपास. ब्लेडचं मधलं भोक १६, २० की आणखी किती मिमी आहे, हे मशीनवर वाचून लिहून ठेवा. भोक जुळलं नाही तर चांगलं ब्लेड आणूनही उपयोग नाही. रिंग घालून भोक लहान करता येतं, पण रिंग ब्लेडमध्ये घट्ट आणि ब्लेडच्या जाडीहून पातळ बसली पाहिजे.

बेसप्लेट बघताना पत्र्याच्या जाडीकडे लक्ष द्या. पातळ पत्र्याची प्लेट एकदा हातातून पडली की मुरडते आणि मग काप कधीच काटकोनात येत नाही. पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून खाली उजेड दिसतो का पाहा. ब्लेड पूर्ण खाली करून एक दाता पुढे आणा, त्याच्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मग तोच दाता मागे फिरवून पुन्हा मोजा. (पिन काढलेली असताना, हे सांगायला नको.) फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मशीन पट्टीला धरून चालताना तिरकं ओढणार आणि कापाची कड जळणार.

९० अंशांची खूण कारखान्यातून बरोबर आलेली असेल, असं गृहीत धरू नका. ४०-५० मिमी जाडीचा तुकडा आडवा कापा, अर्धा तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेली तोंडं सपाट जागेवर एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. फट मिटेपर्यंत कोन सरकवा, मग प्लेटवर स्वतःची खूण कोरून ठेवा.

सोबत मिळणारं ब्लेड बहुतेक वेळा २४ दात्यांचं असतं. ते तंतूंच्या दिशेने फळी चिरायला ठीक आहे. प्लायला ४० दात्यांचं कार्बाइड टोकाचं ब्लेड घ्या, सनमायका लावलेल्या शीटला ६० चं. ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असायला हवी. या मशीनचे दाते खालून वर कापतात, म्हणून कड वरच्या बाजूला फुटते. चांगली बाजू खाली ठेवा. दोन्ही बाजू दिसणार असतील तर आधी २ मिमी खोलीवर एक फेरी मारा, मग पूर्ण खोलीवर त्याच रेषेत दुसरी.

खोली लाकडाच्या जाडीहून ४-५ मिमीच जास्त ठेवा. किकबॅक, म्हणजे मशीन उसळून अंगावर येणं, घडतं ते काप मिटल्यामुळे. प्लाय दोन स्टुलांवर ठेवून मधे कापलात तर शेवटाकडे दोन्ही अर्धे खाली लवतात, काप ब्लेडच्या मागच्या बाजूला चिमटतो, तिथले दाते वर येत असतात, ते लाकडात रुततात आणि मशीन उचलून मागे फेकतात. उपाय म्हणजे कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टेकू द्यायचे, किंवा पूर्ण शीट जाड थर्मोकोलवर पसरून कापायची. थर्मोकोलला चरे पडले तरी तो बरेच दिवस टिकतो. स्वतः कापाच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नका. ब्लेड अडकलं तर ट्रिगर सोडा, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत मशीन उचलू नका.

मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून काम करणारे बरेच दिसतात, कारण ते स्वस्त असतं आणि हातात मावतं. त्याला आपोआप मिटणारं खालचं गार्ड नसतं. फेऱ्या मिनिटाला १३,००० च्या घरात, म्हणजे ११० मिमी ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर. सर्क्युलर सॉचा तो ५० च्या आसपास असतो. काप झाल्यावर मशीन मांडीशी आणलं की उघडं ब्लेड अजून फिरत असतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड तर कुणीच लावू नये.

सरळ कापासाठी विकतचा गाइड रेल लागत नाही. घरी असा बनवा:

१. ६ मिमी प्लायची १४०० मिमी लांब, ३०० मिमी रुंद पट्टी घ्या. हा तळ.

२. १२ मिमी प्लायची तेवढीच लांब, ८० मिमी रुंद पट्टी घ्या. तिची एक कड कारखान्यातून आलेली सरळ कड हवी. ही धार, मशीनची प्लेट तिला टेकून धावणार.

३. ब्लेडपासून प्लेटच्या मोटरकडच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा १२५ मिमी आलं. त्यात १० मिमी मिळवून, तळाच्या एका कडेपासून १३५ मिमीवर धारेची सरळ कड बसवा. गोंद लावा आणि खालून १६ मिमीचे स्क्रू मारा. दोन्ही थर मिळून १८ मिमी होतात, त्यामुळे टोक वर येत नाही. डोकी खाली सपाट बुडवा.

४. धारेच्या मागे उरलेली ८०-८५ मिमी जागा क्लॅम्पसाठी आहे. तिथे क्लॅम्प लावून पट्टी बाकावर धरा, पुढची कड बाकाबाहेर ठेवा, प्लेट धारेला टेकवून एका दमात मशीन न्या. जास्तीचे १० मिमी कापले जातील.

आता तळाची कड म्हणजेच ब्लेडची रेषा. पेन्सिलच्या खुणेवर ती कड ठेवायची आणि कापायचं. हवा असलेला तुकडा पट्टीखाली, टाकाऊ बाजू बाहेर. कड लाकडाचे तंतू दाबून धरते, त्यामुळे पट्टीखालची बाजू फुटतही नाही. खोलीतले ६ मिमी तळाने खाल्ले हे ध्यानात ठेवा. कमी-जास्त जाडीचं दुसरं ब्लेड लावलंत तर कड पुन्हा कापून घ्यावी लागेल, किंवा सरळ दुसरी पट्टी बनवा. खोली जास्त ठेवल्यावर मोटरचा भाग धारेवर घासतो का, ते ब्लेड न फिरवता आधी तपासा. घासत असेल तर धार ९ मिमीची करा.

कड काळी पडून जळल्याचा वास आला तर कारणं तीनच: ब्लेड बोथट, ब्लेड आणि प्लेट समांतर नाहीत, किंवा हात फार सावकाश चालतोय.

## तिसरं: सँडर

चौकोनी पॅडचा साधा सँडर खूप स्वस्त मिळतो आणि त्याला कुठलाही पेपर कापून लावता येतो. तरीही थोडे पैसे वाढवून १२५ मिमीचा गोल, आठ भोकांचा रँडम ऑर्बिट सँडर घ्या. एकाच वेळी गोल आणि विस्कळीत फिरण्यामुळे त्याचे ओरखडे कमी दिसतात आणि भोकांतून भुसा ओढला जातो. वेग बदलायची चकती असलेला असेल तर उत्तम.

क्रम ८०, १२०, १८०. मधला टप्पा गाळला तर ८० नंबरचे चरे १८० ने निघत नाहीत. पॉलिशचा पहिला हात मारल्यावर ते उठून दिसतात. टप्पा पूर्ण झाला हे कळण्यासाठी पृष्ठभागावर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा आणि त्या गेल्या की पुढचा पेपर लावा. प्लायवर ८० कधीच नको. वरचा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो, म्हणून १५० पासून सुरुवात करा.

मशीन दाबू नका. दाबलं की चकती फिरायची थांबते आणि नुसती थरथरते, पेपर तापतो, पॅडचं वेल्क्रो झिजतं आणि पुढे पेपरच उडू लागतो. हात सेकंदाला साधारण एक इंच सरकेल इतकाच. पृष्ठभागावर गोल शेपट्यांसारखे ओरखडे दिसले तर बहुधा पेपरखाली मागच्या नंबरचा खडा अडकलाय किंवा पेपर भरून गेलाय. स्वस्त सँडरची चकती हवेत उचलली की सुसाट फिरते आणि तशीच टेकवली तर लाकडात चंद्रकोर उमटते. म्हणून आधी लाकडावर ठेवा, मग सुरू करा. उचला, मग बंद करा.

सँडरची पिशवी बारीक धूळ पकडत नाही. घरचा व्हॅक्यूम त्याच्या तोंडाला जोडा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, तेव्हा कापडी रुमालावर भागवू नका. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क लावा. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) धूळ तर आणखी बारीक असते.

## चौथं: जिगसॉ किंवा ट्रिमर

जिगसॉ स्वस्तात घेताना दोनच गोष्टी बघा: ब्लेड ‘टी’ आकाराच्या शेपटीचं आणि हत्याराविना बदलता येणारं हवं, आणि ब्लेडमागचा आधाराचा रोलर डुगडुगणारा नको. ६०० वॅटच्या आसपास पुरतं. टी१०१बी ब्लेड स्वच्छ कापासाठी, टी१४४डी झटपट रांगड्या कापासाठी, आणि टी१०१बीआर उलट्या दात्यांचं, सनमायका वरून फुटू नये म्हणून. जाड लाकडात ब्लेड खाली वाकतं आणि वरची रेघ बरोबर असूनही खालची कड तिरकी निघते. अशा वेळी ऑर्बिट (ब्लेडचा पुढे-मागे झोका) शून्यावर ठेवा, नवं ब्लेड लावा, रेटू नका. जिगसॉकडून लांब सरळ कापाची अपेक्षाच ठेवू नका.

ट्रिमर हा छोटा राउटर. ५५० ते ७०० वॅट, ३०,००० फेऱ्या. कडा गोल करणं, सनमायका कडेशी सपाट छाटणं, उथळ खोबण पाडणं ही त्याची कामं. इथे घोळ होतो तो कॉलेटचा, म्हणजे बिटाची दांडी पकडणाऱ्या नळीचा. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) एकसारखे दिसतात. पाव इंची बिट ६ मिमी कॉलेटमध्ये शिरत नाही, आणि ६ मिमीचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये शिरतं पण नीट धरलं जात नाही. चालू कामात बिट सरकत बाहेर येतं, खोबण खोल होत जाते, आणि ते उडूही शकतं. कॉलेटवर कोरलेला आकडा वाचूनच बिटं घ्या. बिट तळापर्यंत घालून २-३ मिमी मागे ओढा, मग आवळा.

तुमच्याकडच्या कडेवर मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. उलट नेलं तर बिट चाकासारखं पुढे पळतं. एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. बिटांचा पन्नासचा डबा घेण्याऐवजी चार चांगली घ्या: बेअरिंगवालं सरळ छाटणीचं, ६ मिमी त्रिज्येचं गोलाईचं, ४५ अंशांचं आणि ६ मिमीचं सरळ.

## हे आता नको

टेबल सॉ घ्यायची वेळ येईल तेव्हा फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची पट्टी) पाहा. कुलूप लावल्यावर फेन्स ब्लेडला समांतर बसत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारं पातं) आणि वरचं गार्ड नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. सर्क्युलर सॉ टेबलाखाली उलटा टांगून, गार्ड बांधून, ट्रिगर अडकवून केलेला ‘घरगुती टेबल सॉ’ त्याहून वाईट. मायटर सॉ (आडवे, कोनातले काप घेणारी करवत) सोयीचा आहे, पण आखूड आडवे काप गुण्याला टेकवून सर्क्युलर सॉने होतात. मशीनचा रंधा हाताला वजन कळल्याशिवाय फळीची दोन्ही टोकं खातो. ड्रिलला लावून करवत, लेथ, सँडर बनवायची जोडसाधनं तर दुकानातच राहू द्या.

## जुनं मशीन घेताना

चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका. मोटरच्या झरोक्यातून बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या चालतात. आर्मेचरभोवती (मोटरच्या फिरत्या भागाभोवती) पूर्ण गोल आगीचं कडं दिसलं तर मशीन सोडा. ट्रिगर सोडल्यावर मशीन थांबताना कान द्या: खरखर आली तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग बदलून मिळतं, भाव तेवढा पाडा. नाकाला जळक्या वॉर्निशचा वास आला तर कॉइल गेली किंवा जाणार. कार्बन ब्रश काढून पाहा, ५-६ मिमीहून आखूड असतील तर नवे लागतील. ते स्वस्त असतात, पण त्या मॉडेलचे मिळतात का हे आधी विचारा. वायर मशीनमध्ये शिरते त्या जागी वाकवून पाहा, ती तिथेच तुटते. जुनं कॉर्डलेस मात्र टाळा. बॅटरी दमलेली असते आणि नवी बॅटरी बहुधा अर्ध्या मशीनच्या किमतीला पडते.

## काम सुरू करण्याआधी

चष्मा प्रत्येक मशीनला, कानाचे मफ सॉ आणि ट्रिमरला लावायचेच; त्यांचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. फिरत्या ब्लेडजवळ हातमोजे घालू नका. धागा दात्यात अडकला तर बोटही सोबत जातं. बाह्या कोपरापर्यंत सरकवा. तुकडा हाताने धरून कापायचा नाही, दोन क्लॅम्प लावायचे. ६०० मिमीचे दोन आणि ३०० मिमीचे दोन एवढे क्लॅम्प पहिल्या दिवशीच हाताशी हवेत.

ब्लेड बदलताना आधी पिन काढा. मधला बोल्ट ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पाना फिरवला की सैल होतो. दात्यांवर राळ साचली की ब्लेड बोथट झाल्यासारखं वागतं. नवं आणायच्या आधी ते काढून कोमट साबणपाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने दात्यांच्या कडेने घासा, लगेच कोरडं करून तेलाचा हात पुसा. तारेचा ब्रश वापरू नका, आणि कार्बाइडची टोकं काँक्रीटच्या जमिनीवर आपटू देऊ नका, ती ठिसूळ असतात. एखादं टोक उडालेलं दिसलं तर ते ब्लेड पुन्हा चढवायचं नाही.